ट्रकचे इंजिन : अश्वशक्ती पाहावी की टॉर्क?

मुंबईहून भरलेला ट्रेलर बोरघाट चढून पुणे-सोलापूरमार्गे हिमायतनगरास येतो, तेव्हा घाटात जळलेले डिझेल शेवटी मालाच्या किमतीवरच चढते. म्हणून स्वतःचे वाहन घेऊ इच्छिणाऱ्या बंधूंनी इंजिनाचे दोन आकडे नीट समजून घ्यावेत, असे आम्हांस वाटते.

टॉर्क म्हणजे इंजिनाचा दांडा फिरविणारा पीळ. अश्वशक्ती म्हणजे ठराविक वेळात होणारे काम. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे, ही एक मेट्रिक अश्वशक्ती होय. व्यापारी भाषेत टॉर्क हा एका नगावरील नफा, इंजिनाचे फेरे ही उलाढाल, आणि अश्वशक्ती हा दोहोंच्या गुणाकारातून येणारा एकूण नफा.

समजा, दोन्ही इंजिने २५० अश्वशक्तीचीच आहेत. मिनिटास १२०० फेऱ्यांवर एकाचा टॉर्क ९५० न्यूटन-मीटर, दुसऱ्याचा ८००. तेथे पहिले सुमारे १६२ अश्वशक्ती देते, दुसरे १३७च. मालासह ४० टनांचा ट्रेलर शंभरास पाच चढावर ताशी १५ किलोमीटरने नेण्यास, घर्षण धरून, सुमारे १४० लागतात. पहिले इंजिन संथपणे चढेल. दुसऱ्याचा गिअर उतरवून फेरे वाढवावे लागतील, व त्यात बहुधा डिझेल अधिक जळेल.

तथापि केवळ टॉर्कवरही भुलू नये. गिअर टॉर्क वाढवितो, शक्ती वाढवीत नाही. वेगाने चढावयाचे तर अश्वशक्तीच हवी. यास्तव सौदा करण्यापूर्वी दोन्ही आकड्यांपुढे एकच प्रश्न अवश्य विचारावा : ‘किती फेऱ्यांवर?’