जुन्या मोटारीची थरथर आणि चार तऱ्हेचे टायर



कांद्याचे, उसाचे किंवा दुधाचे चार पैसे गाठीला जमले की हल्ली पुष्कळ घरांत जुनी मोटार घेण्याचा विचार होतो. नवी परवडत नाही, आणि पावसापाण्यात म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे म्हणजे जिवाला घोर. म्हणून तीन-चार लाखांत दुसऱ्याने वापरलेली मोटार दारात येते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. गावच्या रस्त्यावर गाडी अगदी गुणी बैलासारखी चालते.

पुढे एखाद्या लग्नाच्या निमित्ताने ती हमरस्त्यावर निघते. वेगाचा काटा ऐंशीवर गेला की स्टेअरिंग हातात थरथरू लागते. नव्वदीला मागे बसलेल्यांच्या हातातल्या बांगड्या वाजू लागतात. ज्याने गाडी विकली त्याला विचारावे तर तो म्हणतो, "जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच!"

वाचकहो, एवढे चालायचे नसते. गाडी जुनी असली म्हणजे ती थरथरलीच पाहिजे असा काही नियम नाही. थरथर ही गाडीने दिलेली सूचना आहे. कधी ती साध्या चिखलाची असते, तर कधी टायर फुटण्याच्या बेतात आल्याची. कोणती सूचना कशाची हे ओळखता आले, तर पैसाही वाचतो आणि माणसेही.

थरथर येते कोठून?

मळणी यंत्राच्या ड्रमची एक पट्टी तुटली की काय होते ते आपण पाहिलेले आहे. यंत्र हळू फिरते तोवर काही कळत नाही, आणि वेग चढला की सगळे खळे हादरते. मोटारीच्या चाकाचेही तसेच आहे. चाकाचे वजन चहूबाजूंनी सारखे नसेल, तर जड बाजू प्रत्येक फेऱ्याला बाहेर ओढ घेते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते.

हिशेबच करून पाहू. साधारण मध्यम मोटारीचे चाक ताशी १०० किलोमीटरच्या वेगात सेकंदाला सुमारे चौदा फेरे घेते. रिमच्या काठावर अवघ्या ३० ग्रॅमचा फरक असला तरी त्या वेगात त्याची ओढ चार किलोहून अधिक होते, आणि सेकंदाला चौदा वेळा ती दिशा बदलते. तोच फरक ताशी ५० च्या वेगात एक किलोच्या आसपास ओढ देतो. म्हणून गावच्या रस्त्यावर जो दोष झाकून राहतो, तो हमरस्त्यावर उघडा पडतो.

आता नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला आहे. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याच्या सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. अशा रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने चालताना टायर किती तापतो आणि लहानसा दोष किती वाढतो, याचा विचार घरून निघण्यापूर्वीच केला पाहिजे.

आधी निदान, मग औषध

गुरांच्या डॉक्टरला जसे आपण "जनावर रवंथ करीत नाही, कान गार आहेत" असे नेमके सांगतो, तसेच मिस्त्रीला सांगावे. नुसते "गाडी हलते" म्हटले तर तो चार भाग बदलील आणि दोष तिथेच राहील. रस्ता मोकळा व सपाट असताना एकाने चालवावे, दुसऱ्याने शेजारी बसून पुढील गोष्टी वहीत लिहाव्यात.

थरथर स्टेअरिंगमध्ये येत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. बैठकीतून आणि पायाखालच्या पत्र्यातून येत असेल तर मागच्या चाकांत पाहावे.

ऐंशी ते शंभरच्या दरम्यान थरथर सुरू होऊन पुढे कमी होत असेल, तर चाकांचा तोल बिघडलेला असण्याचा संभव जास्त. यालाच दुकानात बॅलन्सिंग म्हणतात.

अगदी तीस-चाळीसच्या वेगातही गाडी लंगडल्यासारखी ढुबुक-ढुबुक चालत असेल, तर रिम वाकलेले आहे किंवा टायरच्या आतील तारांचा थर सुटून फुगवटा आलेला आहे असे समजावे. हा फुगवटा धोक्याचा. अशा टायरवर हमरस्ता गाठू नये.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल, तर टायरला बोल लावू नये. ब्रेकची डिस्क असमान झिजलेली असते.

वेग वाढवताना, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताच थरथर येऊन पाय सोडताच थांबत असेल, तर चाकांना गती देणारा शाफ्ट, त्याचे सांधे किंवा इंजिनाखालचे रबरी माउंटिंग तपासून घ्यावे. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मधल्या लांब शाफ्टचे क्रॉस झिजले, तरी अशी थरथर येते.

घुं-घुं असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल आणि वळणावर कमीजास्त होत असेल, तर ते चाकाचे बेअरिंग असू शकते.

पहिला उपाय फुकटाचा

शेतात जाणाऱ्या गाडीचा एक रोग शहरातल्या मिस्त्रीला चटकन सुचत नाही. पाणंदीतला काळा चिखल रिमच्या आतल्या अंगाला बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. बाहेरून चाक चकचकीत दिसते, आणि आत पाव-पाव किलो माती एका बाजूला चिकटलेली असते. म्हणून दुकानात जाण्याआधी गाडी जॅकवर घ्यावी, चाक काढून आतली बाजू लाकडी काडीने खरवडून पाण्याने धुवावी. गाडी सपाट जागी उभी करून दुसऱ्या चाकांना दगडाची उटी लावल्याशिवाय जॅक लावू नये, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरू नये.

चाक बसवताना नट एकाच ओळीने आवळू नयेत. एक आवळला की समोरचा, अशा फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि गाडी खाली उतरवल्यावर पक्के करावेत. नट वाकडे बसले तरी चाक डुलते. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा पाहावेत.

बैलाचे दात, टायरचा दाखला

बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो. टायरचे वयही त्याच्या अंगावर लिहिलेले असते. टायरच्या बाजूला 'डॉट' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ किंवा नुसती चौकट असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असे आकडे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी चांगली दिसली तरी रबर वयाने कडक होते आणि त्याला बारीक चिरा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांचा झाला की कसाही दिसत असला तरी काढावा, असे टायर बनवणारे सांगतात. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांचीच मर्यादा घालतात.

दुसरा दाखला मापाचा. १६५/८० आर १४ ८५ टी असे लिहिले असेल, तर टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १४ इंची. ८५ हा आकडा एका टायरची भार पेलण्याची मर्यादा ५१५ किलो असल्याचे सांगतो आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. आपल्या गाडीचे योग्य माप आणि हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्यापेक्षा कमी भाराचा टायर स्वस्त मिळाला तरी घालू नये.

तिसरा दाखला झिजेचा. नक्षीच्या खोबणीत थोड्या थोड्या अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. मोटारीसाठी कायद्याची मर्यादाही तीच. मात्र पावसाळ्यात तेवढ्या नक्षीवर गाडी पाण्यावरून घसरते, म्हणून ३ मिलिमीटरलाच बदलण्याची तयारी ठेवावी.

झीजही बोलते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेली, आणि हात फिरवल्यावर खड्डे-उंचवटे लागले तर शॉकअब थकलेले किंवा तोल बिघडलेला.

चार चाके, चार घराणी

जुन्या गाडीला विकण्याआधी मिळतील ते टायर चढवलेले असतात. एक या कंपनीचा, दुसरा त्या कंपनीचा, तिसरा गुळगुळीत, चौथा नवा. एक बैल खिल्लारी आणि दुसरा गावठी वासरू अशी जोडी औताला जुंपली तर सरी सरळ निघेल काय? एकाच आसावरच्या डाव्या-उजव्या टायरांचे तसेच आहे.

समजा उजवीकडे नवा, ८ मिलिमीटर नक्षीचा टायर आहे आणि डावीकडे ३ मिलिमीटर उरलेला. घेरात सुमारे ३१ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे एका किलोमीटरमागे एक चाक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ सोळा मीटर जास्त धावते. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला विनाकारण काम पडते, गाडी एका अंगाला ओढते, आणि पावसात जोरात ब्रेक मारला तर दोन बाजूंची पकड वेगळी असल्याने गाडी फिरू शकते. म्हणून एका आसावर माप, कंपनी, नक्षी आणि झीज एकसारखीच असावी. चारही चाकांना गती मिळणारी गाडी असेल तर चारही टायर सारखे हवेत.

पैसे दोनच टायरांचे असतील तर

चार टायर एकदम घ्यायचे म्हणजे बियाण्या-खताचा पैसा मोडावा लागतो, हे खरे. मग आधी चारही टायर तपासून त्यातली चांगली, सारखी जोडी निवडावी आणि दोन नवे घ्यावेत. नवे टायर मागच्या आसाला घालावेत. बहुतेक गॅरेजात "इंजिन पुढे, म्हणून नवे पुढे" असे सांगतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही.

जुने टायर विकत घेणे शक्यतो टाळावे. गुळगुळीत टायरवर तापल्या पात्याने नव्याने नक्षी कोरून विकणारेही असतात. खोबणीच्या तळाशी झिजेचे उंचवटे दिसत नसतील किंवा तारा डोकावत असतील, तर तो टायर बैलगाडीलाही नको.

दुकानात उभे राहून पाहावे

कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी सस्पेन्शनचे ढिले सांधे व बुश दुरुस्त करावेत, मग टायर बसवावेत, मग चाकांचे बॅलन्सिंग आणि शेवटी अलाइनमेंट. सांधे ढिले ठेवून केलेली अलाइनमेंट म्हणजे गळक्या मोटेने ओढलेले पाणी. तोल साधणे हे बॅलन्सिंगचे काम आणि चाकांची दिशा लावणे हे अलाइनमेंटचे. एक केले म्हणजे दुसरे झाले असे नाही.

बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरत असताना समोर उभे राहावे. जुनी वजने आधी काढायला सांगावीत. रिम डुलताना दिसले तर ते वाकलेले आहे. लोखंडी रिम सरळ करता येते. तडा जाऊन झाळलेल्या अलॉय रिमवर मात्र हमरस्त्यावर भरवसा ठेवू नये. यंत्राने एका चाकाला शंभर ग्रॅमच्या घरात वजन मागितले, तर ते मुकाट्याने चिकटवून घेऊ नये. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगावे, आणि तरीही मागणी तीच राहिली तर टायर किंवा रिम सदोष समजावे. नव्या टायराबरोबर व्हॉल्व्हही नवा घालावा. या दोन्ही कामांना काहीशे रुपये लागतात, आणि ती चुकवली तर हजारोंचा टायर काही महिन्यांत एका कडेने खाल्ला जातो.

हवेविषयी एक खोटी समजूत

उन्हाळ्यात लांब जाताना "टायर तापून फुटेल" म्हणून हवा कमी करण्याची चाल आहे. हे उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबून-दबून तापते, आणि तापूनच फुटते. वर माणसे आणि पोती जास्त असली तर बघायलाच नको. हवा सकाळी, टायर गार असताना चिठ्ठीप्रमाणे भरावी. रस्त्यात तापून दाब वाढलेला दिसला तरी सोडू नये. स्टेपनीचीही हवा पाहावी, नाहीतर ऐनवेळी तीच बसलेली निघते.

जुनी मोटार घेण्यापूर्वीच हे सारे पाहता आले तर उत्तम. विकणाऱ्याला गाडी हमरस्त्यावर नेऊन ऐंशी-नव्वदच्या वेगात दाखवायला सांगावे. पाचही टायरांची तारीख वहीत टिपावी. टायर बदलावे लागणार असतील, तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागण्यात काही गैर नाही.

घरातल्या शिकत्या मुलामुलींकडे हे काम सोपवावे. महिन्यातून एकदा हवेचा दाब आणि नक्षी पाहून तारीख घालून ठेवली, की दोष कधी सुरू झाला ते कळते. आणि पुढच्या वेळी गाडी थरथरू लागली तर रेडिओचा आवाज वाढवू नये. वेग हळूहळू कमी करावा, कडेला सुरक्षित जागी थांबावे आणि चारही टायरांना फेरी घालून फुगवटा, चीर, ढिले नट पाहावेत. लग्नाला दहा मिनिटे उशीर झाला तर अक्षता थांबत नाहीत हे खरे, पण गाडीत बसलेले सगळे सुखरूप पोहोचले तर आहेराला कधीही वेळ आहे.