उघड्या जीपचें अर्धें छत

विलिस कंपनीनें १९४५ सालीं ‘सीजे-२ए’ ही जीप शेतीकामासाठीं बाजारांत आणिली. तेव्हांपासून उघड्या गाडीवर सावली कशी करावी हा प्रश्न आहेच. पुढच्या बैठकीपुरतें कापडी छत घेतांना कापड पारखावें. जाळीचें कापड ऊन कमी करितें व वारा खेळूं देतें. पाऊस मात्र अडवीत नाहीं. विनाइलचा लेप दिलेलें कापड पाणी रोखतें, पण त्याखालीं उष्मा अधिक. सुती कॅनव्हास ओलें घडी केल्यास त्यास बुरी येते. पट्टे ताणलेले असावे. ढिलें कापड फडफडून शिवणीवर उसवतें. कोंकणांतील आडव्या पावसांत पूर्ण हूडच हवें. गाडी उलटल्यास मात्र कापड कोणास वांचवीत नाहीं. तें काम लोखंडी कमानीचें व आसनपट्ट्याचें. म्हणून छताआधीं त्यांवर खर्च करावा, असें आम्हांस वाटतें.