नवजात बालकाच्या रक्तबिंबिका आणि मातेचा वारसा

गेल्या पावसाळ्यांत धायरीस आमच्या शेजारीं एक बालक जन्मलें. वजन उत्तम, रडणेंही खणखणीत. परंतु दुसऱ्या दिवशीं त्याच्या अंगावर टाचणीच्या टोंकाएवढे तांबडे ठिपके उमटले. रक्तबिंबिका, म्हणजे दवाखान्यांतल्या भाषेंत प्लेटलेट्स, घन मिलिमीटरास निदान दीड लाख हव्यात. त्या केवळ १८ हजार भरल्या. आणि घरांत लागलीच सुनेच्या आहाराची चौकशी सुरू झाली! त्या चौकशीमुळेंच आज हा विषय घेतला आहे.

रक्तबिंबिकांवर प्रथिनांच्या खुणा असतात. त्यांचा वारसा निम्मा मातेकडून, निम्मा पित्याकडून येतो. बहुतेकांजवळ असलेली एखादी खूण मातेजवळ नसली व बाळास ती पित्याकडून मिळाली, तर मातेचें शरीर तिला परकी समजून प्रतिद्रव्यें निर्माण करूं शकतें. तीं वारेंतून बाळाकडे जातात आणि त्याच्या रक्तबिंबिकांचा नाश करितात. सर्वांजवळ असलेलें आपल्याजवळ नसणें केवढें महत्त्वाचें, हें १९५२ सालीं मुंबईस डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उजेडांत आणलेल्या ‘बाँबे’ रक्तगटानें दाखविलेंच आहे. तेथें गोष्ट तांबड्या पेशींची होती, इतकेंच.

युरोपीय वंशांत हा प्रकार बहुधा ‘एचपीए-१ए’ या खुणेमुळें घडतो. प्रथिनाच्या सांखळींतील ३३ व्या स्थानीं ल्यूसीनऐवजीं प्रोलीन, एवढाच भेद! तेथील सुमारें २ टक्के स्त्रियांत ही खूण नसते. पण अशा दहा गरोदर स्त्रियांपैकीं जेमतेम एकीच्या रक्तांत प्रतिद्रव्यें आढळतात. असें कां? तर परकें काय तें शरीरास दाखवून देणारी ‘एचएलए’ नांवाची आणखी एक वारसागत यंत्रणा आहे. तिचा ‘डीआरबी३*०१:०१’ हा प्रकार जिच्याजवळ असेल, तिच्याच बाबतींत बहुतकरून हें घडतें. आशियांत १ए नसलेल्या स्त्रिया विरळा. जपानांत ‘एचपीए-४’ या खुणेचा त्रास दिसतो. यास्तव आपल्याकडे एकच खूण तपासून थांबूं नये.

आरएच रोगांत पहिलें मूल सहसा सुटतें. येथें पहिलेंच सांपडूं शकतें. मातेच्या स्वतःच्या रक्तबिंबिका पुरेशा असल्यानें आगाऊ सुगावाही लागत नाहीं. मोठें भय मेंदूंतील रक्तस्रावाचें. अशा बाळास ती खूण नसलेल्या दात्याच्या रक्तबिंबिका देतात. मातेच्या स्वतःच्या, धुऊन घेतलेल्या, चालतात! पुढील खेपेस गर्भ राहतांच पहिली हकीकत प्रसूतितज्ज्ञास सांगावी. मातेस शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन देतां येतें.

आमचें बाळ तीन आठवड्यांत सावरलें. अहवाल आला तेव्हां सासूबाईंनीं विचारलें, “मास्तर, मग चूक कोणाची?”

“हवें तर बापाच्या खुणेची म्हणा,” मी म्हणालों. बाप तेथेंच उभा होता.