धरणकाठचा पंप

भीमा नदीवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि करमाळा तालुक्यातील केत्तूर, कुगाव, चिखलठाण या अवर्षणग्रस्त मुलखातील गावांच्या शिवेला पाणी येऊन टेकले. त्यावर ऊस आणि केळी उभी राहिली. परंतु हे पाणी एका जागी राहणारे नव्हे. जलाशय भरला असता त्याची पातळी ४९६.८३ मीटर असते. उपयुक्त साठा सरतो तेव्हा ती ४९१.०३ मीटरवर येते. उंचीतील हा सहा मीटरांचा फरक सपाट काठावर फार मोठे अंतर होऊन बसतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तर पाणी त्याहूनही खाली, मृत साठ्यात उतरले. आणि त्याच साली ऑगस्टमध्ये जलाशय काठोकाठ भरला. ज्याला येथे पंप चालवावयाचा, त्याने तो पाण्याच्या मागे हिंडवावाही लागतो.

पंप पाणी ओढतो असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक तो नळातील दाब कमी करतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीस सुमारे १०.३ मीटर पाणी तोलतो, उजनीच्या उंचीवर पावणेदहाच्या आसपास. नळातील घर्षण वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच पदरात पडतात. अधिक अश्वशक्तीची मोटार घेतल्याने ही मर्यादा हटत नाही, खर्च मात्र वाढतो. म्हणून पाणी उतरू लागताच खालचा नळ लांबवीत न बसता पंपच खाली न्यावा आणि वरचा नळ वाढवावा.

पुष्कळदा खोड पंपात नसतेच. ती नळाच्या टोकाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये असते. शेतकरी त्याला 'फुटबॉल' म्हणून मोकळे होतात! त्याच्या झडपेत काडी वा शिंपला अडकला की नळातील पाणी हळूहळू उतरते, पंप 'पाणी सोडतो' आणि कोरडा फिरून ग्लॅण्डची दोरी जळते. हे टोक गाळात टेकू देऊ नये. रिकाम्या पिंपाला बांधून पाण्यात अधांतरी ठेवावे. ग्लॅण्डमधून थेंब थेंब गळणे हा दोष नव्हे, त्या थेंबांनीच दांडा थंड राहतो.

बुडण्याचा धोका मात्र अधिक फसवा. करमाळ्यावर ढग नसतानाही जलाशय चढतो. कारण पाऊस पडतो तो सह्याद्रीत, आणि पुणे जिल्ह्यातील धरणांतून सोडलेले पाणी दौंडवरून उजनीत येते. तेव्हा काठच्या माणसाने आभाळाकडे पाहण्यापेक्षा दौंडच्या विसर्गाचे आकडे ऐकावेत. स्टार्टरची पेटी पूर्ण पातळीच्या वर असावी. नळाचा सांधा झटकन सुटेल असा असावा. मोटार सोडविण्यास उतरण्यापूर्वी वरचा प्रवाह तोडून फ्यूज काढून खिशात घालावेत. बुडालेल्या मोटारीचे वाइंडिंग पुन्हा भरून मिळते. पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने गेलेला माणूस परत येत नाही.

एवढे करूनही मोटार बुडालीच, तर बाहेर काढताच ती चालवून पाहण्याचा मोह आवरावा. बहुतेक मोटारी पाण्याने नव्हे, या घाईने जळतात. ती उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, बेअरिंगमधील जुने ग्रीस काढून टाकावे, आणि वाइंडिंग कित्येक दिवस वाळवावे. पावसाळी हवेत पेटीत दिवे लावून ऊब द्यावी व वाफ निघून जाण्यास फट ठेवावी. नंतर जाणत्या तारतंत्र्याकडून मेगर लावून घ्यावा. एक मेगओहमच्या खाली काटा राहिला, तर मोटार आणखी वाळवावी.