पद्मिनीचे पार्ट मिळतात. माप ठाऊक हवं

"गाडी दारात उभी होती हो, पण पार्टच मिळेनात. शेवटी भंगारात दिली." पद्मिनीबद्दल हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की आता ऐकताना वाईट वाटतं ते गाडीपेक्षा समजुतीचं. आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १९७८ सालची पद्मिनी आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणताना माझ्याही डोक्यात अशाच समजुती होत्या. एकेक करून त्या खोट्या ठरल्या, काही फार महागात पडून.

आधी गाडीची ओळख. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाटच्या गाड्या बनू लागल्या. १९६४ च्या सुमारास आलेली फियाट अकराशे ‘डिलाइट’ हीच १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. नव्या शतकाच्या तोंडावर उत्पादन थांबलं, तरी पार्ट बाजारात येत राहिले, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही बंद झाली. क्लचप्लेट, ब्रेकचे किट, बुश यांचं हक्काचं गिऱ्हाईक तेव्हा संपलं. त्यामुळे ‘पार्ट मिळत नाहीत’ यात आज थोडं तथ्य आहे. पण जे दुकानात मिळत नाही ते मिळतच नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

दुकानदाराला आपण ‘पद्मिनीचं ऑइल सील द्या’ म्हणतो. तो ‘नाही’ म्हणतो आणि विषय संपतो. पण ऑइल सीलला गाडीचं नाव नसतं, तीन मापं असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बहुतेक वेळा ती सीलवरच उमटवलेली असतात. बेअरिंगचंही तसंच, त्यावरचा नंबर जगभर एकच. व्हर्निअर कॅलिपर घेऊन माप काढा आणि पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला बेअरिंग-सीलच्या दुकानात नुसतं माप सांगा. गाडीचं नाव काढूच नका. बुश लेथवर कातून मिळतो. पॅकिंगचा कागद आणून गॅस्केट घरी कापता येतं. खड्डे पडलेला व्हील सिलिंडर फेकण्याऐवजी त्यात स्लीव्ह बसवून मूळ मापाला आणता येतो. ही कामं करणारे हात आपल्याकडे अजून आहेत.

याच्या नेमकी उलट समजूत अशी, की परदेशातून मागवलं की प्रश्न मिटला. इटलीत ‘अकराशे डी’ नावाची फियाट होती, आपली डिलाइट दिसायला तीच. म्हणून लोक तिकडून पिस्टन मागवतात. पण इटलीतल्या त्या गाडीचं इंजिन १२२१ सीसीचं, पिस्टन ७२ मिलिमीटरचा. कुर्ल्याला बनलेल्या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, पिस्टन ६८ मिलिमीटरचा. स्ट्रोक दोन्हीचा ७५ मिलिमीटर. नाव एक, पार्ट वेगळा. शिवाय आपल्या इंजिनाचं आधी एक-दोनदा बोअरिंग झालेलं असेल तर पिस्टन मूळ मापाचाही चालणार नाही, ओव्हरसाइज लागेल. ब्लॉक उघडून बोअर मोजल्याशिवाय पिस्टनची ऑर्डर देऊ नका.

‘ओरिजिनल, सीलबंद पाकीट, तेव्हाचा माल’ या शब्दांची मोहिनी फार मोठी. मीही त्याला भुललो. एका दुकानात व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्यांचं जुनं पाकीट मिळालं. छपाई फिकट झालेली, पण सील शाबूत. दुप्पट पैसे देऊन आनंदाने घेतलं. गॅरेजमध्ये आमच्या मेकॅनिक चाचांनी पाकीट फोडलं, एक वाटी अंगठा आणि तर्जनीत धरून दाबली. कडेला केसासारख्या बारीक भेगा उमटल्या. काही न बोलता त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. ताज्या रबराची वाटी दाबली की लवते आणि सोडली की पुन्हा गोल होते. ही चपटलेलीच राहिली. या एवढ्याशा वाटीवर पुढचं एक चाक थांबणार होतं.

रबर पाकिटातही म्हातारं होतं. हवा, उष्णता आणि काळ यांना सील अडवत नाही. म्हणून जुना साठा धातूच्या पार्टसाठी उत्तम: गिअर, शाफ्ट, हँडल, दिव्याची रिंग, चिन्हं. रबर, ब्रेक होज, पंख्याचा पट्टा, डेल्कोतला (डिस्ट्रिब्युटरमधला) कंडेन्सर आणि टायर मात्र ताजेच हवेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१५’ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. पद्मिनीचा ५.२०-१४ मापाचा टायर आता सहज मिळत नाही, म्हणून कुठेतरी दिसला की लोक झडप घालतात. आधी ते आकडे बघा.

ब्रेकच्या कामात आणखी दोन चुकीच्या सवयी आहेत. रबरी वाट्या पेट्रोलने धुतात, त्याने त्या फुगतात. त्या ब्रेक ऑइलनेच पुसायच्या. दुसरी सवय ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवण्याची. जुन्या ब्रेक शूच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा, गॅरेजमधल्या पोरालाही तसं करायला लावा. हे मी कळकळीने सांगतो आहे.

"बोल्ट काय, कुठलाही चालतो." इथे हात थोपवा. फियाट इटलीची, तिचे आटे मिलिमीटरचे. अ‍ॅम्बॅसॅडरचा वंश इंग्लंडचा, तिचे आटे इंची. पाच सोळांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, आपला ८ मिलिमीटरचा. डोळ्यांना फरक दिसतच नाही. पण त्या इंची बोल्टच्या बारीक आट्यांतलं अंतर १.०६ मिलिमीटर आणि आपल्याकडचं १.२५. चुकीचा बोल्ट दोन फेरे गोड जातो, तिसऱ्याला अडतो. तिथे पान्यावर जोर लावला की आतले आटे गेले. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनिअमचं आहे. तिथे हा जोर फारच महाग पडतो. बोल्ट आधी बोटांनी फिरवा. बोटांनी जात नसेल तर तो त्या जागेचा नाही.

पेट्रोलबद्दल दोन भीती आहेत. शिसं काढलेल्या पेट्रोलने जुनी इंजिनं खलास होतात, ही पहिली. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज कमी व्हायची, हे खरं. पण अ‍ॅल्युमिनिअमच्या हेडमध्ये ती बैठक मुळातच वेगळ्या, कठीण धातूची कडी ठोकून बसवलेली असते. देशभर शिसंविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आहे. हेड उघडलंच तर बैठका तपासून घ्या, एवढं पुरे. दुसरी भीती इथेनॉलची, आणि ती रास्त आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा मऊ करतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आणि कार्ब्युरेटर आतून खराब होतात. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घाला. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा.

आता पत्रा. रंग चकचकीत झाला की गाडी ‘रिस्टोर’ झाली, असं बहुतेकांना वाटतं. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. दाराखालच्या पट्ट्या आणि फ्लोअर सडले तर तो सांगाडाच सडला. वरून पत्रा मारून पुटी ओढली की आत पाणी साचतं आणि सडणं चालूच राहतं. सडलेलं कापून, निरोगी पत्र्यापर्यंत जाऊन, नवा पत्रा वेल्ड करणं हाच उपाय. गाडी विकत घेत असाल तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुटीचा थर आहे.

कायद्याबाबत थोडक्यात. पन्नास वर्षं झाली की गाडी आपोआप ‘व्हिंटेज’ होत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच तशी नोंदता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र तशी नोंदलेली गाडी रोज कामाला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. १९७४ च्या पद्मिनींनी पन्नाशी नुकतीच ओलांडली आहे. म्हणून हौसेने दुसरं इंजिन बसवण्याआधी हा नियम वाचा. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर लावायचा तर जरूर लावा, रात्रीच्या प्रवासाला तो बरा पडतो. पण काढलेला डायनॅमो तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवा.

आणि एक विनंती. तुमच्या माळ्यावर पद्मिनीचं वर्कशॉप मॅन्युअल, पार्ट्सचं कॅटलॉग किंवा गॅरेज बंद करताना उरलेला सुट्या भागांचा खोका असेल, तर रद्दीत किंवा भंगारात देण्याआधी एखाद्या पद्मिनीवाल्याला दाखवा. मोडका पार्ट असला तरी चालेल. त्यावरून माप काढता येतं.