आवाज बंद, गप्पा चालू!

शनिवारची सकाळ. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. पुढच्या दोन सीट्स, मागची लांबलचक सीट, कार्पेट, दारांची प्लॅस्टिक्स... सगळं चटईवर मांडून ठेवलेलं आणि आत उघड्या पत्र्यावर मी मांडी घालून बसलेली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलंच, "काय गं, गाडी भंगारात काढलीस का?"

"नाही काकू, साउंडप्रूफिंग करतेय."

"म्हणजे हॉर्न वाजणार नाही का आता?"

तुम्हाला वाटेल, म्युझिक सिस्टिमचं वेड असणार. अजिबात नाही! हे सगळं बाबांसाठी होतं.

महिन्यातून एकदा मी आणि बाबा दादरला आत्याकडे जातो. पूर्वी बाबा गाडी चालवायचे, मी शेजारी. पुणं सोडलं की गप्पा सुरू, त्या थेट दादरपर्यंत. तीन वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, स्टिअरिंग माझ्याकडे आलं आणि बाबा एकदम गप्प झाले. मागच्या वर्षी कानाचं मशीन घेतलं. पण एक्स्प्रेस-वे लागला की ते मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. "नुसती घरघर मोठी होते गं," म्हणायचे. मला मात्र मनातून वाटायचं, गाडी हातातून गेली याचा राग आहे. विचारायची हिंमत काही झाली नाही. मी आपली घरघरीच्या मागे लागले.

घरघर येते कुठून?

गाड्यांचं वेड असलेल्या ऑफिसमधल्या मित्राने पहिला धडा दिला. तो म्हणाला, "बॉस, गाडीत एक आवाज नसतो, चार असतात." इंजिनचा आवाज पुढच्या पत्र्यातून येतो, टायरचा खालून आणि मागच्या चाकांच्या वरून. स्पीड वाढला की काचांपाशी वारा. चौथा म्हणजे आपल्याच प्लॅस्टिकची खडखड. एक्स्प्रेस-वे काँक्रीटचा, त्यामुळे तिथे टायर जास्तच घोंगावतात. हा खालच्या पट्टीतला आवाज माणसाचं बोलणं गिळून टाकतो, आणि मशीन बोलण्याबरोबर तोही वाढवतं. बाबा खोटं बोलत नव्हते तर!

उपायाचं तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातलंच. स्टीलची थाळी पडली की टण्णकन वाजत राहते. बोट टेकवलं की गप्प! गाडीच्या पत्र्याला असं बोट टेकवण्याचं काम ब्यूटिल रबरची शीट करते. एका बाजूने चिकट, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल. गंमत म्हणजे सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट भागाचा मधला पाव हिस्सा झाकला तरी त्याचं वाजणं बरंचसं थांबतं. पण बाहेरून येणारा आवाज अडवायला वेगळी, जड व्हिनाइलची शीट लागते आणि तिच्याखाली फोमचा थर. तिथे मात्र फट ठेवून चालत नाही. पाण्यासारखाच आवाजही फटीतून येतो.

सोलायची कशी?

सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि दहा मिनिटं चहा प्यायचा. गंमत नाही. सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, ते एअरबॅगच्या सिस्टिमचे. बॅटरी जोडलेली असताना त्यांना हात लावायचा नाही. ते सुटे असताना इग्निशनही चालू करायचं नाही. मग सीटचे बोल्ट. प्रत्येक सीटचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर स्केच पेनने नाव. दारांची प्लॅस्टिक्स स्क्रू आणि क्लिप्सवर बसतात. माझ्या सहा क्लिप्स तुटल्या, नाना पेठेतून नव्या आणल्या. कार्पेटखाली सापडलेला ऐवज : सत्तावीस रुपये सुटे, दोन क्लचर आणि चिक्कीचा अर्धा तुकडा.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसला, शीट लावली, वरून रोलर जोरात फिरवला. हात भरून आले! पण टिचकी मारून पाहिलं तर "टण्ण"च्या जागी "थप्प". सही वाटलं!

एका ठिकाणी घोळ होता होता वाचला. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती मी शीटने बुजवणारच होते. मित्र ओरडला म्हणून बरं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात दारात तळं आणि मग गंज. दाराच्या आतला पातळ प्लॅस्टिकचा पडदाही जसाच्या तसा परत लावायचा, तो पाणी आत येऊ देत नाही. आणि स्वस्तातल्या डांबरी शीट्स नकोच. आपल्याकडच्या उन्हात वास मारतात, सुटूनही येतात.

हिशोब : दोन वीकेंड, सुमारे अकरा हजार रुपये आणि गाडीचं वजन साधारण अठरा किलोने जास्त.

आणि निकाल?

उर्से टोलनाक्याच्या पुढे, 80 च्या स्पीडला मोबाइलच्या ॲपवर आधी 71 डेसिबल यायचे. आता 68. फक्त तीन? मीही खट्टू झाले. तीन डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी, पण कानाला फरक जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा वाटायला दहा कमी व्हावे लागतात. काचा होत्या तशाच आहेत, टायरही तेच. घोंगावणं मात्र खाली बसलं होतं.

आणि बाबांनी मशीन काढलं नाही! खंडाळ्यापर्यंत आत्याच्या गुडघ्यांवर बोलणं झालं. पण दर वाक्याला ते मान पूर्ण माझ्याकडे वळवत होते.

"असं काय बघताय?"

"बघत नाहीये, ऐकतोय. उजव्या कानाने फारसं येत नाही मला. डावा चांगला आहे."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश! डावीकडच्या सीटवर बसल्यावर त्यांचा उजवा कान माझ्याकडे. तीन वर्षं मी त्यांच्या वाईट कानाशी बोलत होते. ते गाडी चालवायचे तेव्हा डावा कान माझ्याकडे असायचा.

"मग सांगितलं का नाही?"

"तुला वाटलं असतं, मला स्टिअरिंग परत हवंय."

यावर काय बोलणार? मी रस्त्याकडे बघत राहिले.

येताना लोणावळ्याला चहा घेतला आणि किल्ली बाबांपुढे सरकवली. गाडी चालवायला डोळ्यांच्या डॉक्टरांनी केव्हाच हो म्हटलं होतं, लायसन्सही चालू होतं. बाबांनी आरसे नीट केले, सीट पुढे घेतली आणि आत्याच्या भाडेकरूचा किस्सा सुरू केला. कामशेतच्या बोगद्यात शिरल्यावर आवाज वाढला, तेव्हा ते थांबले. बाहेर पडल्यावर अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू झालं.