फाशी, शिळा भात आणि बीटी कापूस

बोंडअळीला मारणारं प्रथिन कपाशीत आलं ते ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूच्या जनुकामुळे. म्हणून विदर्भात ‘बीटी’ हे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं. या जिवाणूचे दोन सख्खे भाऊ आहेत: उघड्यावर राहिलेल्या शिळ्या भातातून विषबाधा करणारा ‘बॅसिलस सेरियस’ आणि जनावरांना फाशी, माणसांना काळपुळी करणारा ‘बॅसिलस अँथ्रेसिस’. हे भाऊ नव्हेतच, तिन्ही मिळून एकच प्रजाती आहे, असं नॉर्वेतल्या संशोधकांनी 2000 मध्ये जनुकीय पुराव्यांनिशी मांडलं.

मग नावं तीन का? तिघांची ख्याती ज्या गुणांमुळे आहे, ते बहुतेक प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या तुकड्यांवर असतात आणि प्लास्मिड येतात-जातात. बीटीने कीटकनाशक प्रथिनाचं प्लास्मिड गमावलं, की तो सेरियसहून वेगळा ओळखू येत नाही. पाश्चरने 42-43 अंशांवर वाढवून फाशीचा जिवाणू दुबळा केला होता. एवढ्या उष्णतेत त्याचं विषाचं प्लास्मिड गळून पडतं, हे समजायला पुढे शंभर वर्षं गेली!

बीटीच्या नावाची तर मला कायम हळहळ वाटते. जपानमध्ये इशिवाता शिगेताने यांनी 1901 मध्येच तो आजारी रेशीमकिड्यांत शोधला होता. पण 1911 मध्ये बर्लिनर यांना तो जर्मनीत पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत सापडला आणि नाव लागलं थुरिंजिया प्रांताचं.

पण प्रजाती एक की तीन, हे ठरवायचं कसं? आपसात प्रजनन करतात ते एका प्रजातीचे, ही जीवशास्त्रज्ञ मायर यांची 1942 ची कसोटी जिवाणूंना लागूच पडत नाही. ते दुभंगून वाढतात, जनुकं मात्र परक्यांकडूनही घेतात. म्हणून 1987 मध्ये ठरलं, की डीएनए साधारण 70 टक्के जुळला तर प्रजाती एक. याच मापाने माणूस आणि चिंपांझीही एकाच प्रजातीत जातील! आता संपूर्ण जनुकसंच ताडून 95 टक्क्यांची रेघ ओढतात. तरीही सेरियस म्हणवणारे काही वाण सेरियसच्या प्रमाण वाणापेक्षा फाशीच्या जिवाणूलाच जवळचे निघतात.

हा वाद निव्वळ तात्त्विक नाही. लुईझियानातल्या एका रुग्णाला श्वसनाचा गंभीर आजार झाला. जिवाणू सेरियस ठरला, पण त्याच्यात काळपुळीच्या विषाची जनुकं होती. 2004 मध्ये ते प्रसिद्ध झालं.

माझ्या मते तिन्ही नावं राहावीत, डॉक्टरांना आणि पशुवैद्यांना ती लागतात. पण आजार गंभीर असेल तर प्रयोगशाळेने नावावर थांबू नये, विषाची जनुकंही तपासावीत.